घटक ७ : रहस्यकथेतील स्मरणीय वचने

७.१ प्रास्ताविक

रहस्यकथा वाचून संपली की तिचे कथानक बहुधा विसरले जाते. खुनी कोण हे कळल्यावर दुसऱ्यांदा ती हाती घेणारे वाचक थोडे असतात. तरीही या वाङ्मयातील काही वाक्ये मागे उरतात आणि मूळ कथा ज्यांनी कधी वाचलेली नाही त्यांच्याही बोलण्यात येतात. अशा वाक्यांना या घटकात आपण ‘वचने’ म्हणणार आहोत. वचन कोठून आले हे कसे तपासावे, त्यामागे अनुमानाचा कोणता प्रकार दडलेला असतो आणि ते मराठीत आणताना काय घडते, हे आपल्याला पाहावयाचे आहे. शेवटी एक अवघड प्रश्न हाताळावयाचा आहे : ज्या मराठी भाषेत एकाच लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या भाषेत रहस्यकथेची वचने का रुळली नाहीत?

विवेचनातील व्यवहाराची उदाहरणे मुंबईच्या भांडुप या उपनगरातून घेतली आहेत. कारखान्यांच्या पाळ्यांवर वाढलेली, डोंगरउतारावरच्या चाळी आणि रस्त्यालगतचे नवे मनोरे यांना शेजारी बसविणारी ही वस्ती उदाहरणांना सोयीची आहे, एवढेच त्याचे कारण. आपण जेथे राहता तेथील उदाहरणे आपण स्वतः शोधावीत.

७.२ म्हण, वचन आणि पालुपद

म्हणीला कर्ता नसतो. ‘चोराच्या मनात चांदणे’ हे प्रथम कोण म्हणाले हे कोणी विचारीत नाही. वचनाला मात्र बोलणारा असतो, ऐकणारा असतो आणि ते उच्चारले गेले तो प्रसंग असतो. त्या प्रसंगातून सुटून ते स्वतंत्रपणे फिरू लागले की त्याची वाटचाल म्हणीच्या दिशेने होते. पालुपद ही तिसरी गोष्ट. पात्र ओळखू यावे म्हणून लेखक त्याच्या तोंडी पुन्हापुन्हा घालतो ते पालुपद. त्यात विचार असेलच असे नाही.

गुन्ह्याविषयीच्या आपल्या म्हणी जरा एकत्र ठेवून पाहा. चोराच्या मनात चांदणे, खाई त्याला खवखवे, चोराच्या उलट्या बोंबा, चोर तो चोर वर शिरजोर. यांतील प्रत्येक म्हण गुन्हेगाराच्या मनाकडे किंवा त्याच्या वागण्याकडे पाहते. शोध घेणारा मनुष्य त्यांत कोठेच नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही; खुनाला वाचा फुटते. हा ‘वाचा फुटणे’ वाक्प्रचार फार बोलका आहे. सत्य आपण होऊन वर येते, खून स्वतःच बोलू लागतो, असा विश्वास त्यात आहे. दैवावर आणि धर्मन्यायावर विसंबणाऱ्या समाजाचे हे शहाणपण आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

रहस्यकथेचे जग याच्या उलट बाजूने सुरू होते. तेथे खून मुका असतो. कोणीतरी खपून, पाहून, विचार करून त्याला बोलते करावे लागते. म्हणूनच रहस्यकथेतील उत्तम वचने गुन्हेगाराविषयी क्वचित असतात. ती शोध घेणाऱ्याच्या बुद्धीविषयी असतात. एडगर ॲलन पो याची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही कथा १८४१ साली प्रसिद्ध झाली. आधुनिक रहस्यकथेचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो, आणि त्या कथेच्या सुरुवातीला पोने विश्लेषणशक्ती म्हणजे काय याचे चांगले लांबलचक विवेचन केले आहे. पोला ते टाळवले नाही. पुढच्या लेखकांनी तेच विवेचन एकेका वाक्यात आटवले.

स्वयं-अध्ययन : ‘चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक’ ही म्हण वरील विधानाला अपवाद ठरते का? तिच्यात शोध घेणारा सूचित झाला आहे का? पाच-सहा वाक्यांत लिहा. या म्हणीची आठवण ७.७ मध्ये पुन्हा लागेल.

७.३ जे वाक्य पुस्तकात नाही

आर्थर कॉनन डॉइल याने शेरलॉक होम्सला १८८७ साली ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या कादंबरीत प्रथम आणले. पुढे चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा एवढा होम्सचा संसार झाला. होम्सचे सर्वांत प्रसिद्ध वचन कोणते असे विचारले तर बहुतेकजण ‘एलिमेंटरी’ हा शब्द आणि त्याला जोडून वॉटसनला केलेले ‘माय डिअर’ हे संबोधन सांगतील. या साठ कृतींत ते जोडवाक्य एकदाही आलेले नाही. ‘द क्रूकेड मॅन’ या कथेत तो शब्द आहे, ते संबोधनही आहे. पण दोन्ही वेगवेगळ्या वाक्यांत आहेत. पुढे ती एकत्र शिवली गेली. विल्यम जिलेट या नटाने १८९९ पासून होम्स रंगभूमीवर गाजवला, विनोदी लेखकांनी होम्सची नक्कल केली, आणि १९२९च्या बोलपटात हे जोडवाक्य प्रेक्षकांनी कानांनी ऐकले. त्यानंतर त्याला पुस्तकाची गरज राहिली नाही.

यात फसवणूक कोणीच केलेली नाही. वाचकांच्या सामूहिक स्मृतीने होम्सच्या बोलण्याचा सूर ओळखला आणि त्या सुरात बसणारे वाक्य घडवले. लोककथेत असेच होते. संतांच्या नावावर त्यांच्या गाथेत नसलेली वचने फिरतात, त्यामागेही हीच प्रक्रिया असते. परंतु साहित्याचा विद्यार्थी म्हणून आपल्यावर एक बंधन येते. मोबाइलवर थोर माणसाच्या चित्रासह आलेले सुविचार आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत अवतरणचिन्हांत लिहिलेले वाक्य यांत फरक आहे. अवतरणचिन्ह ही साक्ष असते. मूळ पाठ पाहिला नसेल तर अवतरणचिन्ह न घालता ‘अशा आशयाचे’ असे लिहावे. प्रस्तुत घटकातही वचनांचा आशयच दिला आहे, शब्द दिलेले नाहीत.

हाच प्रकार ‘खून बटलरने केला’ या जगप्रसिद्ध वाक्याचा आहे. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट या लेखिकेच्या १९३० सालच्या ‘द डोअर’ या कादंबरीशी ते जोडले जाते. ते शब्द त्या कादंबरीत नाहीत. या बटलरकडे आपल्याला नंतर वळावयाचे आहे, कारण तो दिसतो तितका विनोदी नाही.

७.४ तीन वचने आणि आपले प्रमाणशास्त्र

होम्सची जी वचने खरोखर पुस्तकांत आहेत त्यांतील तीन येथे घेऊ. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ (१८९१) या कथेत होम्स अशा आशयाचे सांगतो की माहिती हाती येण्यापूर्वी सिद्धान्त बांधणे ही मोठी चूक आहे, कारण मग माणूस सिद्धान्त वस्तुस्थितीला जुळवण्याऐवजी वस्तुस्थितीच सिद्धान्ताला जुळवू लागतो. ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) मध्ये तो म्हणतो की अशक्य ते सारे वगळले की मागे जे उरते ते कितीही असंभाव्य वाटले तरी तेच सत्य असले पाहिजे. तिसरे वचन ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) मधील. तबेल्यातून शर्यतीचा घोडा रात्री नाहीसा झाला आहे. होम्स पोलीस अधिकाऱ्याचे लक्ष त्या रात्रीच्या कुत्र्याच्या वर्तनाकडे वेधतो. अधिकारी म्हणतो की कुत्र्याने तर काहीच केले नाही. आणि हेच चमत्कारिक आहे, असे होम्सचे उत्तर. कुत्रा भुंकला नाही, म्हणजे येणारा त्याच्या ओळखीचा होता.

भारतीय वाचकाला ही वचने अगदी परकी वाटू नयेत. न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. शेषवत् अनुमानाचा एक अर्थ वात्स्यायनाने ‘परिशेष’ असा केला आहे : संभाव्य पर्याय मांडावेत, एकेक निषिद्ध ठरवत जावे, जो उरतो तो स्वीकारावा. होम्सचे दुसरे वचन म्हणजे परिशेषानुमानच होय. कुत्र्याचे वचन अनुपलब्धीशी नाते सांगते. जमिनीवर घागर नाही हे आपल्याला कसे कळते? ती दिसत नाही यावरून. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी या ‘न दिसण्या’ला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला. मीमांसकांचे अर्थापत्तीचे प्रसिद्ध उदाहरण तर सरळ रहस्यकथेचे बीज आहे : देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी तो लठ्ठ आहे, मग तो रात्री जेवत असलाच पाहिजे. बिचाऱ्या देवदत्तावर इतकी शतके पाळत ठेवली गेली, पण त्याच्या रात्रीच्या जेवणाचे साक्षीदार कोणी तपासले नाहीत!

ही तुलना ‘आमच्याकडे सारे आधीच होते’ असे म्हणण्यासाठी केलेली नाही. तिचा उपयोग वेगळा आहे. आपल्या शास्त्रकारांनी या अनुमानांना अटी घातल्या, आणि वचन जेव्हा सुटे होऊन फिरते तेव्हा पहिल्याने या अटीच गळून पडतात. उदाहरणाने पाहू.

समजा, भांडुप पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका मनोऱ्यातील घरातून सोन्याची अंगठी नाहीशी झाली. त्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई वरच्या वस्तीतून, टेंभीपाड्याहून, चालत येतात. अंगठी हरवल्याचे कळताच घरातील कोणीतरी त्यांचे नाव घेते. येथून पुढे पहिले वचन अक्षरशः खरे होताना दिसेल. बाई त्या दिवशी उशिरा आल्या होत्या, तर त्या घाबरल्या होत्या म्हणून; लवकर आल्या असतील, तर संधी साधण्यासाठी. विचारल्यावर रडल्या, तर नाटक. न रडल्या, तर निगरगट्टपणा. दोन विरुद्ध वर्तनांतून एकच निष्कर्ष निघू लागला की समजावे, माहिती सिद्धान्ताला जुळवली जात आहे. ज्या पुराव्याने आपले मत बदलू शकत नाही तो आपल्या लेखी पुरावाच नसतो.

आता परिशेष. ‘घरात आम्ही चौघे आणि बाई, आम्ही घेतली नाही, मग उरले कोण?’ हा युक्तिवाद ऐकायला निर्दोष वाटतो. परिशेषाची अट अशी की पर्यायांची यादी संपूर्ण असली पाहिजे. कथेत ती संपूर्ण असते, कारण ती लेखकाने तयार केलेली असते; बर्फात अडकलेली गाडी, एकाकी बेट, आतून बंद असलेली खोली हे सारे त्या यादीला कुंपण घालण्याचे उपाय आहेत. भांडुपच्या घराला असे कुंपण नसते. नळदुरुस्तीसाठी येऊन गेलेला माणूस, आदल्या दिवशीचे पाहुणे, घरातील मुलगा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चोरी मुळात झालीच नसण्याची शक्यता : अंगठी पिठात पडली असेल, मोरीच्या जाळीखाली गेली असेल. ‘आम्ही घेतली नाही’ हेदेखील त्या यादीत तपासून वगळलेले नसते. ते गृहीत धरलेले असते.

अनुपलब्धीलाही अशीच अट आहे. शास्त्रकार तिला ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा पुरावा ठरतो. अंधारात घागर दिसली नाही म्हणून ती नाही असे म्हणता येत नाही. इमारतीच्या कॅमेऱ्यात परका माणूस दिसला नाही, हे खरे. पण कॅमेरा फक्त पुढच्या फाटकावर असेल आणि मागच्या जिन्याकडे त्याचे तोंड नसेल, तर ते न दिसणे काहीच सिद्ध करीत नाही. डॉइलने ही अट पाळली आहे. त्याच्या कथेत कुत्रा तबेल्यातच होता, तो जागल्याचे काम करणारा होता, आणि परका आला असता तर तो भुंकलाच असता, हे वाचकाला आधी कळलेले असते. वचन उचलणाऱ्यांनी कुत्रा उचलला आणि तबेला मागे ठेवला.

अंगठी सापडेल किंवा सापडणारही नाही. मात्र काम गेलेल्या बाईंना त्याच मनोऱ्यात दुसरे घर मिळणे कठीण होते, ही गोष्ट कोणत्याही वचनात येत नाही.

स्वयं-अध्ययन : आपल्या परिसरात अलीकडे घडलेल्या एखाद्या संशयाच्या प्रसंगाचे (नावे न घेता) वर्णन करा. त्यात योग्यानुपलब्धीची अट पाळली गेली होती का?

७.५ बटलर आणि नोकर

येथे ‘खून बटलरने केला’ या वाक्याकडे परत येणे आवश्यक आहे. इंग्रजी वाचक ते हसत उच्चारतात, कारण हा शेवट त्यांना फार स्वस्त वाटतो. रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन याने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम सांगितले. नोकराला गुन्हेगार करू नये, हा त्यांतील एक. वरवर पाहता हा नियम नोकरांची बाजू घेणारा वाटेल. त्यामागचे कारण वाचले की भ्रम दूर होतो. नोकरावर संशय घेणे फारच सोपे आहे आणि गुन्हेगार हा काही एका मोलाचा, दखल घेण्याजोगा माणूस असावा, असे त्याचे म्हणणे. म्हणजे वास्तवात ज्याच्यावर पहिला संशय जातो त्याला कथेत गुन्हेगार होण्याइतकीही प्रतिष्ठा नाही! या वाङ्मयप्रकाराच्या वर्गदृष्टीवर याहून नेमके भाष्य टीकाकारालाही करता आले नसते. नियम असा असूनही बटलरचे वाक्य टिकले, आणि नियम फक्त अभ्यासकांना ठाऊक राहिला.

फ्रेंच भाषेतील ‘त्या स्त्रीचा शोध घ्या’ हे वचन याच जातीचे. अलेक्झांडर द्यूमा याच्या ‘द मोहिकन्स ऑफ पॅरिस’ (१८५४) या कृतीमुळे ते पसरले. प्रत्येक गुन्ह्याच्या मुळाशी स्त्री असते, हा त्याचा भावार्थ. त्यात तपासाची पद्धत नाही, फक्त पूर्वग्रह आहे. अधिक काही सांगण्याची गरज नाही.

७.६ मराठीत येताना

अनुवादकांपुढील अडचणी आता पाहू. भालबा केळकर यांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या, मधुकर तोरडमल यांनी अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांचे अनुवाद केले, आणि अशोक जैन यांच्यामुळे सत्यजित राय यांचा फेलूदा मराठी घराघरांत गेला. या साऱ्यांना वचनांशी झगडावे लागले असणार हे उघड आहे. होम्स वॉटसनला सांगतो की तू पाहतोस, पण निरीक्षण करीत नाहीस. या दोन क्रियांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. उलट ते फार आहेत. दिसणे, पाहणे, बघणे, न्याहाळणे, निरखणे, टक लावणे, डोळा ठेवणे. यांपैकी ‘दिसणे’ विशेष लक्षात घ्या. ‘मला जिना दिसतो’ या वाक्यात कर्ता जिना आहे. मी केवळ अनुभव घेणारा आहे. ‘मी जिना पाहतो’ म्हटले की कर्तेपण माझ्याकडे येते. म्हणून ‘तुला दिसते, तू पाहत नाहीस’ ही रचना होम्सचा मुद्दा इंग्रजीहूनही नेमका पकडते, कारण मराठीत तो भेद व्याकरणातच आहे. अनुवादामुळे मूळ वचन उजळते, याचे हे चांगले उदाहरण.

संबोधनात मात्र मराठी अडते. दोन प्रौढ पुरुष एकमेकांना ‘माझ्या प्रिय’ म्हणत नाहीत. पत्राच्या मायन्याबाहेर ‘प्रिय’ शब्द अवघडून उभा राहतो. ‘अरे वॉटसन’ म्हणावे तर त्या ‘अरे’मध्ये सलगी येते, पण तो किंचितसा वडीलकीचा सूर सुटतो. ‘डॉक्टर’ म्हणून ‘तुम्ही’ वापरावे तर मैत्री थंडावते. माझ्या मते ‘अरे’ बरा. निदान तो जिवंत आहे.

अगाथा ख्रिस्तीचा हर्क्यूल पॉयरॉ १९२० साली अवतरला आणि आपल्या मेंदूतील करड्या पेशींचा उल्लेख करीत राहिला. मराठीत ‘करड्या पेशी’ हे शब्द शरीरशास्त्राच्या पुस्तकातले वाटतात. आपण ‘डोके चालव’ म्हणतो, ‘टाळके ठिकाणावर ठेव’ म्हणतो. फेलूदाने यावर बंगालीत सुंदर तोड काढली : मगजास्त्र. मेंदू हेच अस्त्र. संस्कृत-फारसी वळणाचा हा संकर मराठीलाही सहज पचतो, कारण ‘मगज’ आपल्याकडे आहे आणि ‘अस्त्र’ही.

‘डिटेक्टिव्ह’ या शब्दासाठी आपण ‘गुप्तहेर’ रूढ केला. हेर म्हणजे शत्रूच्या गोटात शिरून बातमी आणणारा. तो राजासाठी काम करतो. रहस्यकथेतील शोधक सत्यासाठी काम करतो, निदान तसे म्हणतो. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी (१९३२) ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द नाकारतो आणि स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. त्याचा नेमका मराठी प्रतिशब्द ‘सत्यशोधक’. परंतु महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केल्यापासून त्या शब्दाला मराठीत जो अर्थ आला, त्यापुढे खुनाचा तपास फार लहान वाटतो. शब्द मोकळा राहिला नाही, याचे दुःख मानण्याचे कारण नाही.

७.७ वचने नाहीत, नावे आहेत

आता मूळ प्रश्न. बाबुराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही त्यांची पात्रे एके काळी मराठी घरांत नातेवाइकांसारखी वावरत. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक यांनीही तितक्याच वेगाने लिहिले. स्वस्त कागद, आटोपशीर आकार, भडक मुखपृष्ठ. आणि वाचनालयातून एका दिवसाच्या बोलीवर आणलेले पुस्तक. भांडुपहून मुंबईला धिम्या लोकलने जाताना लागणारा वेळ, कारखान्याच्या दोन पाळ्यांमधली विश्रांती, चाळीतील दिव्याखालची रात्र, अशा तुकड्यातुकड्यांच्या वेळात बसेल असाच या पुस्तकांचा घाट होता. मुलांना ती वाचू नका म्हणून बजावणारे वडील स्वतः ती उशीखाली ठेवीत, अशा आठवणी त्या पिढीत पुष्कळ ऐकायला मिळतात.

त्या पिढीतील वाचकाला विचारा : झुंजार आठवतो, काळापहाड आठवतो, ‘चौकटची राणी’सारखे शीर्षक आठवते. त्यांच्या तोंडचे एखादे वाक्य मात्र सहसा आठवत नाही. असे का?

एक कारण कथेच्या रचनेत आहे. वचन जन्माला येण्यासाठी ऐकणारा लागतो. न समजलेला, प्रश्न विचारणारा, थोडा मागे पडलेला वॉटसन लागतो. होम्सची बहुतेक वचने म्हणजे वॉटसनला दिलेली उत्तरे होत. झुंजार आणि काळापहाड हे समजावून सांगणारे नायक नाहीत. ते कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करतात. त्यांची बुद्धी वेषांतरात, धाडसात आणि वेळ साधण्यात दिसते. तिला व्याख्यानाची गरज पडत नाही. ‘चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक’ ही म्हण या नायकांमध्ये देहधारी झाली आहे. जो स्वतः म्हण झाला त्याने वचन कशाला सांगावे? धनंजयला छोटू होता, हा आक्षेप योग्य आहे आणि तो विद्यार्थ्यांनी पुढे न्यावा.

दुसरे कारण मला अधिक बळकट वाटते, आणि ते वाङ्मयाबाहेरचे आहे. वचने आपोआप टिकत नाहीत. कोणीतरी ती टिपून ठेवावी लागतात. होम्सच्या वाचकांनी १९३४ साली अमेरिकेत ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ हे मंडळ स्थापन केले, ओळीओळीवर टिपा लिहिल्या, कोणते वाक्य कोणत्या कथेत आहे याच्या सूची केल्या. अर्नाळकरांच्या पुस्तकांच्या प्रती हातोहात फाटल्या आणि रद्दीत गेल्या. समीक्षेने दीर्घकाळ या वाङ्मयाला दारात उभे केले नाही, ग्रंथालयांनी त्याचे संच जपण्याची फारशी निकड मानली नाही, अभ्यासक्रमाने त्याचे नाव घेतले तर एका ओळीत. तेव्हा मराठी रहस्यकथेत वचने नव्हती असे म्हणण्यासाठी योग्यानुपलब्धीची अट पूर्ण होत नाही. ती असती तर आपल्याला दिसली असती का? आपण पाहतच नव्हतो.

यात केवळ एका लेखकाचा मान गुंतलेला नाही. अनेक प्रौढ विद्यार्थी ही पदवी घेताना संकोचाने सांगतात की त्यांनी ‘खरे’ साहित्य फारसे वाचलेले नाही, नुसत्या रहस्यकथा वाचल्या. कामावरून थकून आलेल्या माणसाला पुस्तक हाती धरायला ज्याने शिकवले त्या वाङ्मयाची गणना ‘नुसते’ या शब्दात करण्याची घाई करू नये.

७.८ पालुपदाचा जमाना

पुस्तकातून निसटलेली जागा दूरचित्रवाणीने भरली. बी. पी. सिंग यांची ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका १९९८ साली सुरू झाली आणि २०१८ पर्यंत चालली. एसीपी प्रद्युम्नच्या भूमिकेतील शिवाजी साटम हे मराठी नट. त्यांचे ‘कुछ तो गड़बड़ है’ हे पालुपद आज भांडुपच्या रिक्षाथांब्यावर, नळ कोरडा पडल्यावर, निकाल उशिरा लागल्यावर, सर्वत्र ऐकू येते. त्यात अनुमानाची पद्धत नाही, फक्त संशयाची पहिली चाहूल आहे. मराठीत त्यासाठी कितीतरी जुना आणि अधिक चित्रमय वाक्प्रचार आहे : कोठेतरी पाणी मुरते आहे. भिंतीवर ओल दिसते, गळती दिसत नाही. दिसणाऱ्या परिणामावरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाणारे हे शेषवत् अनुमान, शेषवतीच्या दुसऱ्या, कार्यावरून कारण ओळखण्याच्या अर्थाने. मुंबईला पाणी शुद्ध करून पुरवणारे मोठे संकुल ज्या उपनगरात आहे, तेथे तरी हा वाक्प्रचार हिंदी पालुपदाला हरू नये.

७.९ क्षेत्रकार्य

आपल्या परिसरातील साठ वर्षांवरील किमान तीन वाचकांना भेटा. त्यांनी तरुणपणी वाचलेल्या मराठी रहस्यकथांतील एखादे वाक्य, एखादे संबोधन किंवा नायकाची बोलण्याची लकब आठवते का, हे विचारा. उत्तर सुचवू नका. शांत बसा, आठवायला वेळ द्या. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, बोलीसकट, जसेच्या तसे उतरवा. पुस्तकाचे नाव आठवत असेल तर टिपा. नसेल तर ‘नाव आठवत नाही’ असे लिहा, अंदाजाने भरू नका. नंतर जुने वाचनालय, रद्दीवाला किंवा नातेवाइकांचे कपाट यांतून मूळ प्रत मिळते का पाहा. मिळाली, तर स्मरणातील वाक्य आणि छापील वाक्य शेजारीशेजारी लिहून त्यांतील फरक दाखवा. वाक्य पुस्तकात सापडलेच नाही, तरी नोंद खोडू नका. ‘एलिमेंटरी’चे काय झाले ते आपण ७.३ मध्ये पाहिले आहे. सांगणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहिण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्या, आणि नोंदवही संपर्कसत्राला येताना बरोबर आणा.